‘एका पेशंटमागे दीड लाख’ कुठून आले?

‘प्रत्येक कोरोना पेशंटमागे केंद्र सरकार महापालिकेला दीड लाख देतं, म्हणून साध्या सर्दीलाही पॉझिटिव्ह दाखवतात.’ २०२० मध्ये हा मेसेज सोसायटीच्या ग्रुपपासून गावच्या पारापर्यंत फिरला. अजूनही गप्पांत कुणीतरी तो खात्रीने सांगतं, म्हणून हे लिहायला बसले.

आधी दीड लाखाचं बघू. पेशंट मोजून पालिकेला पैसे देणारी अशी योजनाच नव्हती. केंद्राने एप्रिल २०२० मध्ये १५ हजार कोटींचं पॅकेज जाहीर केलं, ते लॅब, खाटा, पीपीई किट अशा तयारीसाठी होतं. मग नेमका दीड लाखच का? माझा अंदाज असा, की हा आकडा महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून उचलला. तिच्यात तेव्हा एका कुटुंबाला वर्षाला दीड लाखांपर्यंतचे उपचार मोफत होते, आणि मे २०२० मध्ये पांढऱ्या रेशनकार्डवाल्यांसकट सगळ्यांसाठी ती खुली झाली. पण ही झाली वरची मर्यादा. पैसे मिळणार ते झालेल्या उपचारांचे, ठरलेल्या दराने, आणि उपचार करणाऱ्या रुग्णालयाला. पालिकेला पेशंटमागे बक्षीस नाही.

‘मुद्दाम पॉझिटिव्ह दाखवतात’ म्हणणाऱ्यांनी लॅबची पावती आठवावी. जून २०२० मध्ये राज्याने खासगी लॅबचा आरटीपीसीआरचा दर ४५०० वरून २२०० वर आणला. रिपोर्ट निगेटिव्ह आला तरी तेवढेच पैसे. शिवाय सौम्य लक्षणांच्या कितीतरी पेशंटना घरीच राहायला सांगत होते. डोकी मोजून पैसे मिळणार असते तर त्यांना घरी कोण ठेवेल?

‘किडन्या काढतात म्हणून मृतदेह गुंडाळून देतात’ हेही खोटं. अवयव काढायला सुसज्ज ऑपरेशन थिएटर लागतं, जुळणारा रुग्ण लागतो, आणि हाताशी काही तासच असतात.

तरीही लोकांचा राग खोटा होता असं मी म्हणणार नाही. काही खासगी रुग्णालयांनी बिलं अशी लावली की मे २०२० मध्ये सरकारला ८० टक्के खाटांचे दर बांधून द्यावे लागले: साधा वॉर्ड दिवसाला ४०००, आयसीयू ७५००, व्हेंटिलेटर असेल तर ९०००. बिलाला विरोध करायलाच हवा होता. पण मेसेजने तो राग भलत्याच माणसावर नेऊन आदळला.

आमच्या शेजारच्या काकांनी तीन दिवस ताप लपवला. आशाताई ऑक्सिमीटर घेऊन दारात आल्या, तर ‘मला नेऊन पैसे कमावणार तुम्ही’ म्हणत त्यांनी दार लावून घेतलं. चौथ्या दिवशी दोन वाक्यं बोलतानाच त्यांना धाप लागली, तेव्हा मुलाने त्याच ताईंना हाक मारली. बोटाला ऑक्सिमीटर लावला, आकडा ८२. काका वाचले, पण घरी यायला महिना लागला.

केंद्राकडून आशांना कोविडच्या कामाचे महिन्याला हजार रुपये ठरले होते. जून २०२१ मध्ये राज्यभरातल्या आशांना मानधनासाठी संप करावा लागला.