रूल लावले आणि बिलच गायब

डोकं फिरलंय नुसतं. क्रेडिट कार्डचं 6,480 रुपयांचं बिल, इतक्या वर्षांत कधी एक दिवस उशीर केला नाही मी, आणि काल रात्री ॲप उघडून बघते तर 750 रुपये लेट फी, वर व्याज, आणि त्या दोन्हींवर 18 टक्के जीएसटी. का, तर बिलाचा मेल मला दिसलाच नाही. का दिसला नाही, तर मेलचा पसारा आवरायला म्हणून मीच जे रूल (आलेला मेल आपोआप ठरल्या फोल्डरात टाकणाऱ्या सूचना) बनवून ठेवले होते त्यातल्या एकाने तो परस्पर उचलला, वाचलाय अशी खूण केली आणि नेऊन अशा फोल्डरमध्ये टाकला जिथे मी महिन्यातून एकदा जाते ते फक्त सगळं डिलीट करायला.

नीट सांगते काय झालं ते, कारण हे तुमच्याकडेही होत असेल आणि तुम्हाला पत्ता नसेल.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत अख्खे दोन दिवस घालवले होते मी या कामात. बँक, लाइट बिल, सोसायटी, गाडी, इन्कम टॅक्स, आईचे रिपोर्ट, मुलीची शाळा, प्रत्येकाला वेगळा फोल्डर. आधी तर गाडीच्या इन्शुरन्सचा मेल गाडीत टाकायचा की इन्शुरन्समध्ये इथेच गाडी अडली, कारण माझ्या मेलमध्ये एक मेल एकाच फोल्डरात राहतो. (जीमेल 2004 ला आलं तेव्हापासून त्यात फोल्डरऐवजी लेबलं आहेत, एका मेलला चार चिकटवा, माझ्याकडे ती सोय नाही.) मग रूल, एकूण 31. सगळ्यात वर बँकेचे: खात्याच्या मेलचा अमुक पत्ता, कार्डच्या मेलचा तमुक पत्ता, तिथून काही आलं की 'बँक' फोल्डर आणि पुढचे रूल लावू नको. सगळ्यात खाली ओटीपीचा: मेलमध्ये ओटीपी हा शब्द असेल तर 'ओटीपी' फोल्डर आणि वाचलाय अशी खूण. कारण ओटीपीचे मेल ढिगाने येतात आणि दहा मिनिटांनी त्यांचा काडीचा उपयोग नसतो. दोन वर्षं छान चाललं.

मग रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना सांगितलं की 31 ऑक्टोबर 2025 पर्यंत तुमच्या वेबसाइट डॉट बँक डॉट इन वर न्या, म्हणजे लोकांना खोटी साइट ओळखता येईल. चांगलीच गोष्ट आहे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण माझ्या बँकेने साइटबरोबर मेलचे पत्तेही बदलले. खात्याचे मेल आधीच नव्या पत्त्यावरून यायला लागले होते, कार्डचा मेल या महिन्यापासून. म्हणजे माझे वरचे दोन्ही रूल मेले. आणि मेले ते कसे, तर गुपचूप, कारण जुना पत्ता दिसला नाही की रूल काहीच करत नाही, मेल सरळ खालच्या रूलकडे घरंगळतो, तिथून त्याच्या खालच्या, असं करत करत शेवटी ओटीपीवाल्यापर्यंत.

आता बिलाच्या मेलमध्ये ओटीपी कुठून आला? तळाशी बघा. मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरात लिहिलेलं असतं, आपला ओटीपी, पिन, सीव्हीव्ही कोणालाही सांगू नका. ती सूचना! माझ्या बँकेच्या खात्याच्या आणि कार्डच्या प्रत्येक मेलखाली तीच सूचना, म्हणजे बँकेचा प्रत्येक कामाचा मेल माझ्या रूलच्या दृष्टीने ओटीपीचा मेल. आणि प्री-अप्रूव्ह्ड लोनच्या जाहिराती, सणाच्या ऑफर, त्यांच्याखाली ती ओळ नसते, त्यामुळे ते सगळे इनबॉक्समध्ये मानाने बसलेले. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

मला राग कशाचा आलाय सांगू? चूक झाली याचा नाही. रूल मी लिहिला, शब्द मी निवडला, मान्य. राग याचा आलाय की या सॉफ्टवेअरला सगळं माहीत असतं आणि ते तोंडातून एक शब्द काढत नाही. खात्याच्या मेलचा जो रूल आधी दर आठवड्याला लागायचा तो अचानक चार महिने एकदाही लागला नाही, हे त्याला कळत नाही? कळतंच की. एक साधी ओळ दाखवा ना, हा रूल बरेच दिवस वापरात नाही, एकदा तपासा. नाही. बरं, मेल उघडल्यावर तरी दिसावं की हा कुठल्या रूलने इथे आणला. तेही नाही. 31 रूल एकेक उघडून, शब्द वाचून, मनातल्या मनात मेल त्यातून गाळत बसले मी रात्री साडेबारापर्यंत. आणि हे सगळं कंप्युटरवर बरं का, फोनच्या ॲपमध्ये रूलची यादी दिसतसुद्धा नाही, आणि मेल तर आपण सगळे फोनवरच बघतो.

भाचा म्हणतो, मावशी कशाला ते फोल्डर-बिल्डर, सगळं एका जागी ठेव आणि सर्च कर. अरे बाबा, सर्च त्या गोष्टीचा करतात जी आली आहे हे आपल्याला माहीत असतं! जो मेल आलाय हेच मला ठाऊक नाही तो मी काय म्हणून शोधू?

एसएमएस आला असेल ना, असं कस्टमर केअरवाली बाई म्हणाली. आला होता. फोनने स्वतःच्या अकलेने तो ऑफरच्या टॅबमध्ये टाकला होता, तिथे आणखी 63 मेसेज. आणि एसएमएसचं निदान एक बरं आहे, ट्राय या टेलिकॉमच्या सरकारी नियामकाच्या नियमामुळे 2025 पासून पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी अक्षर असतं, जाहिरात असेल तर पी, सर्व्हिसचा असेल तर एस, व्यवहाराचा टी, सरकारी असेल तर जी. मग मेलला का नको हे? बिल आणि जाहिरात वेगळी ओळखू येईल असं काहीतरी पाठवणाऱ्यानेच लावायला पाहिजे. उलट लोन विकायच्या मेलचा विषय असतो 'महत्त्वाची सूचना' आणि खऱ्या बिलाच्या मेलचा विषय असतो नुसता एक नंबर. आणि मेल सापडला तरी आतली पीडीएफ कुलूपबंद, पासवर्ड एका बँकेकडे नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मतारीख, दुसऱ्याकडे पॅन, तिसऱ्याकडे कस्टमर आयडी, त्यामुळे सर्चला आतलं एक अक्षर दिसत नाही. माझ्या पैशांचे माझेच कागद, आणि ते सापडावेत म्हणून सगळी धडपड मीच करायची.

लेट फी परत मिळणार नाही म्हणाली ती. मेल आमच्याकडून डिलिव्हर झालाय मॅडम. झालाय, खरंय.

काल रात्री ओटीपीचा रूल उडवला आणि बाकी सगळ्यांमधली ती 'वाचलाय' खूण काढून टाकली. मग त्या फोल्डरमध्ये जे काही उरलं होतं ते एकेक उघडलं. कार्डचं बिल. खात्याची दोन स्टेटमेंट. आणि एक मेल आईच्या एफडीचा, कारण आईला मेल नाही, तिच्या खात्याला माझाच पत्ता दिलाय. एफडी आपोआप रिन्यू झाली, नवा दर अमुक. म्हणजे मुदत संपतेय, काय करायचं ते कळवा, असा मेल त्याआधी आलेला असणार. तो मी स्वतःच्या हाताने डिलीट केलाय मागच्या महिन्याअखेरीला, ओटीपींच्या ढिगाबरोबर, आणि कचरापेटीत 30 दिवसांपलीकडचं काही राहत नाही. त्याआधीच्या तीन महिन्यांत आणखी काय काय गेलं ते कळायला तर काही मार्गच नाही. आईला अजून सांगितलेलं नाहीये.