परवडणारा सिंह

सिंह बघायला पैसे लागत नाहीत. सिंहापर्यंत पोचायला लागतात. आणि पोचायचा सगळ्यात स्वस्त मार्ग म्हणजे गाडी आपणच चालवायची, तंबू आपणच ठोकायचा आणि पिठलंही आपणच हाटायचं, असा शोध आमच्या धाकट्या भाऊजींनी लावला. टूर कंपनीच्या आफ्रिका सहलीचा माणशी आकडा वाचून माझ्या नवऱ्याने ती पुरवणी रद्दीत टाकली होती. भाऊजींनी ती परत काढली आणि म्हणाले, "दादा, हे पैसे सिंहाचे नाहीतच. हे ड्रायव्हरचे, गाइडचे आणि बुफेचे. ते वजा केले की उरलं काय?"

उरलं काय, ते शोधायचं काम माझ्याकडे आलं. कारण मी बँकेत. आमच्याकडे गणपतीच्या वर्गणीपासून मुंजीच्या आहेरापर्यंत सगळे हिशेब बँकेतल्या माणसाकडे न विचारता येतात. भाऊजींनी स्वप्न बघायचं, नवऱ्याने मान डोलवायची, जाऊबाईंनी खायला काय न्यायचं ते ठरवायचं आणि मी एक्सेलमध्ये 'इतर खर्च' हा रकाना रुंद करत बसायचं, अशी वाटणी झाली.

आधी देशच ठरेना. भाऊजींना केनिया हवा होता. मसाई मारात हजारो विल्डबीस्ट, म्हणजे बैलासारखी दिसणारी हरणं, मगरींनी भरलेल्या नदीत उड्या घेतात, ते त्यांना याचि देही याचि डोळा बघायचं होतं. मी शुल्क काढलं. 2024 पासून तिथे परदेशी पाहुण्याला जुलै ते डिसेंबर माणशी दिवसाला 200 डॉलर. आधीच्या सहा महिन्यांत 100, पण तेव्हा विल्डबीस्ट सीमेपलीकडे टांझानियात चरत असतात. "त्यांना कोणी तिकीट विचारत नाही म्हणून ते एवढ्या संख्येने जातात, भाऊजी," असं म्हणून मी केनियाची ओळ लाल केली.

मग बोट्स्वाना. मोरेमी, सावुती ही तिथल्या जंगलांची नावं भाऊजी घरातल्यासारखी घ्यायला लागले होते. तिथल्या तंबूच्या जागांना कुंपण नसतं. हत्ती रात्री तंबूशेजारून जातो, म्हणे. हे वर्णन रंगात आलेलं असताना सासूबाई मटार सोलत होत्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, "आणि रात्री लागली तर?"

कोणीच काही बोललं नाही. इतके दिवस आम्ही व्हिसा, विमा, मलेरियाच्या गोळ्या यांवर बोलत होतो. हा मुद्दा कोणालाही सुचला नव्हता.

"रात्री तंबूतून बाहेर यायचं नसतं, आई," भाऊजी म्हणाले.

"बरं. मग?"

"बाटली असते."

"आणि सुनांनी?"

बोट्स्वाना रद्द झाला. शीटमध्ये कारणाच्या रकान्यात मी 'तांत्रिक' असं लिहिलं.

नामिबियावर मात्र माझाही जीव जडला होता. आठ लाख चौरस किलोमीटरच्या वर पसरलेला देश आणि वस्ती तीस लाखांच्या आसपास. 2011 च्या जनगणनेत नुसत्या पुणे महापालिकेच्या हद्दीत याहून जास्त माणसं होती. रात्री पाणवठ्यावर दिवे सोडलेले असतात आणि बाकावर बसून गेंडे बघायचे, असं एटोशा उद्यानातल्या ओकाकुएयो कँपबद्दल वाचलं आणि मी हिशेब थोडा ढिला सोडला. रस्ते बहुतेक खडीचे, म्हणून छतावर तंबू बसवलेली फोर बाय फोर गाडी घ्यायची, तिला दोन-दोन स्टेपन्या. इथपर्यंत ठीक होतं. पुढे मी भाड्याचा करार वाचायला घेतला.

मी कर्जाच्या कागदांवर लोकांच्या सह्या घेते. बारीक अक्षराची मला भीती नाही, उलट एक प्रकारची माया आहे. पण असा करार माझ्याही वाचनात आला नव्हता. विमा होता, पण टायरला नव्हता. काचेला नव्हता. गाडीच्या पोटाला नव्हता. वाळूच्या वाऱ्याने रंग गेला तर नव्हता, पाण्यातून गाडी घातली तर नव्हता, सूर्यास्तानंतर चालवली तर नव्हता. आणि सगळ्यात शेवटी, दुसऱ्या गाडीचा संबंध नसलेला अपघात असेल तर नव्हता. म्हणजे खडीवर गाडी घसरून आपली आपण उलटली, तर भरपाई आपली आपण. ज्या देशात तास-तास समोरून गाडी येत नाही, तिथे दुसरी गाडी आणायची कुठून?

"मग विमा आहे कशाला?" नवऱ्याने विचारलं.

"गाडी सावलीत उभी असताना दुसऱ्याने येऊन ठोकली, तर."

हे सगळे अपवाद पैसे भरून पुसता येतात. रोजचा हप्ता वाढवला की एकेक ओळ गळते. सगळ्या ओळी गळल्या तेव्हा दिवसाचं भाडं एवढं झालं होतं की टूर कंपनीचा बुफे मला स्वस्त वाटायला लागला. नामिबिया मी लाल केला नाही, पिवळा केला. निवृत्तीनंतर बघू.

उरलं दक्षिण आफ्रिकेतलं क्रूगर. आमची सफारीची कल्पना म्हणजे ताडोबा. पहाटे मोहर्लीच्या गेटवर कुडकुडत उभं राहायचं, ओळखपत्र दाखवायचं, जिप्सीत बसायचं आणि गाइड 'शूऽऽ' म्हणाला की श्वाससुद्धा हळू घ्यायचा. त्यामुळे क्रूगरमध्ये कोणीही साधी चार चाकांची गाडी घेऊन, गाइड न घेता, फाटकातून आत जातो, हे नवऱ्याला पटेना. "म्हणजे वॅगन-आरमधून सिंह?" हो, वॅगन-आरमधून सिंह. उद्यान साडेएकोणीस हजार चौरस किलोमीटरचं आहे. आपला सगळ्यात मोठा जिल्हा अहिल्यानगर, तोही एवढा भरत नाही. मुख्य रस्ते डांबरी, पेट्रोलपंप आत, आणि मुक्कामाच्या कँपला विजेचं कुंपण. कँपमध्ये स्वच्छतागृहांची इमारत, गरम पाण्यासकट. ही शेवटची ओळ मी सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवली. त्यांनी मान हलवली आणि देश ठरला.

गाडी डाव्या बाजूने चालवायची, स्टिअरिंग उजवीकडे, म्हणजे नवऱ्याला नवीन काही शिकायचं नव्हतं. विसरायचं मात्र बरंच होतं. हॉर्न वाजवायचा नाही. डांबरी रस्त्यावर वेग पन्नासच्या आत, कच्च्यावर चाळीसच्या. ठरवून दिलेल्या जागा सोडून कुठेही खाली उतरायचं नाही, काचेतून अंग बाहेर काढायचं नाही. आणि मे ते जुलै संध्याकाळी साडेपाचला कँपचं फाटक बंद, उशीर झाला तर दंड. पुढे हत्ती आडवा आला होता, ही सबब तिथे रोजच ऐकू येत असणार. जाऊबाईंनी यातून एकच निष्कर्ष काढला: दोन्ही भावांना दुपारचा चहा द्यायचा नाही.

आता स्वस्ताईचा खरा भाग. मुंबईहून जोहान्सबर्गला सगळ्यात कमी पैशाचं तिकीट मी शोधलं, अदिस अबाबामार्गे. तिथे अठरा तास थांबायचं. एवढे तास वाट बघायचे कोणी पैसे देत नाही, पण इथे तिकिटातून चक्क वजा होत होते, म्हणून मी खूश. मग नियम वाचला. पीतज्वराचा, म्हणजे यलो फीवरचा, धोका असलेल्या देशात विमानतळावर बारा तासांच्या वर थांबलात, तर दक्षिण आफ्रिकेत उतरताना लशीचा दाखला लागतो. इथिओपिया त्या यादीत आहे. लस प्रवासाच्या दहा दिवस आधी, ठरावीक सरकारमान्य केंद्रातच. पण एकदा घेतली की जन्मभर चालते. "जन्मभराची गुंतवणूक आहे," मी म्हणाले. चार दंडांवर चार सुया, आणि माणशी चांगली रक्कम वाचली. शीटच्या इतिहासात हिरवी झालेली ही पहिली ओळ.

राहता राहिला गाडीचा तंटा. भाऊजींचं मन नामिबियातल्या त्या फोर बाय फोर डबल कॅबवरून, म्हणजे दोन ओळी सीटच्या पिकअपवरून, उतरलंच नव्हतं. छतावर दोन तंबू, बाजूला शिडी, मागे फ्रिज. तिच्या बॉनेटला टेकून उभं राहिलेले स्वतःचे फोटो ते मनातल्या मनात केव्हाच काढून बसले होते. मी म्हटलं, डांबरी रस्त्याला फोर बाय फोर म्हणजे गच्चीवर पोहण्याचं जाकीट. ते म्हणाले, उंच गाडीतून गवताच्या वरून दिसतं, वहिनी. मी म्हटलं, मे-जूनमध्ये तिथे हिवाळा, पाऊस नाही, गवत वाळून विरळ झालेलं, जनावरं स्वतःच पाणवठ्यावर येतात. ते म्हणाले, जमिनीवर झोपलं की साप. मी म्हटलं, कुंपणाला वीज आहे. ते म्हणाले, सापाला विजेचं काय? इथे ते जिंकले असते. पण तेवढ्यात मला छतावरच्या तंबूची मेख सापडली. तंबू गाडीवर असला की गाडी हलवण्याआधी रोज तो मिटायचा. पहाटे सहाला फाटक उघडतं आणि सिंह तेव्हाच रस्त्यावर सापडतात. म्हणजे पाचला उठून, अंधारात, बोटं गारठलेली असताना, शिडी आवळून, कापड कोंबून, पट्टे ओढून बांधायचे. जमिनीवरचा तंबू तसाच टाकून निघता येतं. भाऊजी लग्नातसुद्धा नऊच्या आधी उठलेले नाहीत. मध्यम आकाराची गाडी आणि दोन साधे तंबू, असं ठरलं. भाऊजींनी ते मान्य केलं, पण तोंड एवढं करून.

मग तंबूची जागा. तिथे हिशेब सरळ आहे: एका जागेचं भाडं पहिल्या दोघांसाठी, पुढे माणशी थोडंसं, आणि एका जागेवर जास्तीत जास्त सहा जण. चौघांनी एकच जागा घेतली की स्वस्त. ही नोंद मी शीटमध्ये केली आणि त्याच रात्री शीट भाऊजींना पाठवली. उद्यानाचं रोजचं शुल्क परदेशी माणसाला स्थानिकांपेक्षा कितीतरी जास्त, पण मुक्काम लांबला तर वाइल्ड कार्ड नावाचा वर्षाचा पास असतो. त्यात कुटुंबाचा प्रकार आहे. मी आनंदाने चौघांची नावं भरायला घेतली, तर कुटुंब म्हणजे दोन मोठी माणसं आणि त्यांची अठराच्या आतली मुलं. एकाच वाड्यात वाढलेले, एकाच पंगतीला बसणारे दोन सख्खे भाऊ त्यांच्या लेखी दोन स्वतंत्र पक्ष. जोडप्याची दोन कार्डं घेतली. वाटणी झाली ती अशी, आफ्रिकेत.

खाण्यापिण्याचं जाऊबाईंनी झपाट्याने संपवलं. मेतकूट, भाजणी, कांदा-लसूण मसाला, चकल्यांचा मोठा डबा. गॅसचं सिलिंडर विमानात चालत नाही, पण कँपमध्ये सामायिक स्वयंपाकघर असतं, विजेच्या शेगड्या असतात, उकळतं पाणी नळाला येतं. शिवाय तिथली घरगुती पिन आपल्या गीझरच्या जाड तीन गोल पिनांचीच, हे कळल्यावर त्यांना तो देश एकदम जवळचा वाटायला लागला. त्यांनी गीझरचं एक्स्टेन्शन बॅगेत घातलंसुद्धा. तंबूच्या जागेवरच्या खांबाला मात्र कॅराव्हॅनवाल्यांची निळी पिन लागते, ती तिथे जाऊन घ्यायची. 'इतर खर्च.' वानरांचं वाचून त्या जरा अस्वस्थ झाल्या. तिथली माकडं तंबूची चेन उघडतात, म्हणे. "ताई, चकल्या गाडीच्या डिकीत," एवढंच म्हणाल्या आणि डब्याला दोरी गुंडाळायला लागल्या.

शेवटी रविवारी दुपारी पैसे भरायला बसले. कार्ड हातात, चष्मा नाकावर, शीट खालून वरपर्यंत हिरवी. सासूबाई येऊन शेजारी बसल्या.

"मी काय म्हणते, मीही येते."

नवरा टीव्ही बंद करून बघायला लागला.

"आई, अहो, तंबूत झोपायचंय. थंडी असते तिथे."

"मी पंढरीच्या वारीत पालात झोपलेय. आणि वारीत कुठे होतं गरम पाणी?"

याला उत्तर नव्हतं. मी शीटकडे बघितलं. सासूबाई पंचाहत्तरीच्या. साठीच्या पुढे पीतज्वराची लस डॉक्टर सहसा टाळतात. म्हणजे अदिस अबाबाचे अठरा तास गेले. तिकीट कमी थांब्याचं, दुबईमार्गे, पाच जणांचं. वाइल्ड कार्ड आणखी एक, एकट्या माणसाचं. आणि मध्यम गाडीत पाच माणसं, दोन तंबू, त्यांचा तिसरा, मेतकूट आणि चकल्या काही मावत नव्हत्या. मी मनात बेरीज करत होते तेवढ्यात भाऊजी आतून आले.

"आई येणार असेल तर उंच गाडीच बरी, वहिनी. चढायला-उतरायला सोपी. डबल कॅबमध्ये बरोबर पाच सीट असतात. तंबू जमिनीवरच लावू, तुम्ही म्हणाल तसं."

"भाडं तिप्पट होईल, भाऊजी."

"अगं, होऊ दे," सासूबाई म्हणाल्या. "माझ्या पेन्शनमधून घाल. नाहीतरी जागेचं भाडं काही फार वाढत नाही. एका जागेवर सहा जण चालतात, आपण पाचच."

मी डबल कॅबचे पैसे भरले. भाऊजींनी तेवढ्यात तिचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकलाही. सहा जणांचं मी सासूबाईंना कधीच सांगितलं नव्हतं.