बॉम्ब निघाला तो जिंकला? ड्राफ्ट असा चालत नाही

‘मॅजिक: द गॅदरिंग’ या पत्त्यांच्या खेळाच्या ड्राफ्टबद्दल (पॅक उघडून एक कार्ड घ्यायचं, बाकीची शेजाऱ्याकडे सरकवायची आणि जमलेल्या कार्डांतून डेक बांधून खेळायचं) एक मत सारखं फिरत असतं. ज्याच्या पॅकमधून बॉम्ब, म्हणजे एकट्याने डाव फिरवणारं कार्ड, निघाला तो जिंकला, बाकी सगळी लॉटरी. सगळी कार्डं सारख्या ताकदीची केली तरच कौशल्याला किंमत येईल. आणि एवढं करूनही लँड (बाकीची कार्डं खेळायला लागणारी ऊर्जा, म्हणजे माना, देणारी कार्डं) आल्या नाहीत तर खेळ संपलाच. हे ऐकून नवे खेळाडू ड्राफ्टकडे फिरकतच नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आधी बॉम्ब. डेक 40 कार्डांचा. सुरुवात तुमची असेल तर सहाव्या टर्नपर्यंत तुम्ही 12 कार्डं पाहता, म्हणजे तो एकुलता एक बॉम्ब तोवर हाती येण्याची शक्यता 30 टक्के. दहापैकी सात डावांत तो गड्डीतच पडून असतो आणि लढायचं असतं बाकीच्या कार्डांवर. तो आलाच, तरी समोरच्याकडे एखादं साधं कॉमन (सहज मिळणारं) रिमूव्हल, म्हणजे समोरचं कार्ड हटवणारं कार्ड, असलं की हिशेब चुकता. म्हणून विचारायचं ते हे, की सेटमध्ये (एकत्र निघालेल्या कार्डांच्या संचात) असं रिमूव्हल पुरेसं आहे का? 2012च्या ‘ॲव्हासिन रिस्टोर्ड’मध्ये ते तोकडं होतं, आणि तो फॉरमॅट अनेकांच्या मनातून उतरला. त्याच वर्षीच्या ‘रिटर्न टू रॅव्हनिका’तल्या ‘पॅक रॅट’ची मात्र मी बाजू घेणार नाही. हातातलं कुठलंही कार्ड टाकून स्वतःची नक्कल काढणारा तो उंदीर खरोखर एकट्याने डाव खातो. पण ते कार्ड चुकलं, ड्राफ्ट नव्हे.

‘सगळी कार्डं सारखी करा’ हे ऐकायला न्यायाचं वाटतं. पण मग निवडायचं काय? एकाच कार्डाची किंमत डेकगणिक बदलते, तिथेच डोकं लागतं. 2011च्या ‘इनिस्ट्राड’मधलं ‘स्पायडर स्पॉनिंग’ घ्या. तुमच्या ग्रेव्हयार्डमध्ये (वापरून झालेल्या कार्डांच्या ढिगात) जितके क्रीचर (लढणारे प्राणी), तितके कोळी. कार्डांना रंग असतात आणि डेक बहुधा एक-दोन रंगांतच बांधतात; साध्या हिरव्या डेकमध्ये त्याला कोणी विचारत नाही. पण आपलीच गड्डी ग्रेव्हयार्डमध्ये रिकामी करणारा डेक बांधा, मग फ्लॅशबॅकने (ग्रेव्हयार्डमधूनच खेळण्याच्या सोयीने) तेच कार्ड दुसऱ्यांदा खेळा आणि टेबल कोळ्यांनी भरून जातं. आठ जणांच्या टेबलावर पहिला पॅक नवव्या पिकला (कार्ड उचलायच्या पाळीला) परत तुमच्या हाती येतो. ‘हे कार्ड तोवर कोणी उचलणार नाही’ असा अंदाज बांधून आधी दुसरंच घ्यायचं, आणि ते खरंच परत आलेलं बघायचं! या आनंदासाठी मी ड्राफ्ट खेळतो.

टेबल वाचणं हा तर वेगळाच अभ्यास. एकदा पहिल्या पिकला मला जबरदस्त काळा रेअर (दुर्मिळ कार्ड) मिळाला. पाचव्या-सहाव्या पिकपर्यंत काळ्याचा ओघ पार आटला आणि हिरवी चांगली कार्डं उशिरापर्यंत येत राहिली. उजवीकडचा काळा खेळतोय हे दिसत होतं, तरी रेअरचा मोह सुटेना. पहिला पॅक डावीकडे सरकतो, दुसरा उलट्या दिशेने फिरतो. पहिल्या पॅकमध्ये जे हिरवं मी डावीकडे सोडलं होतं, त्याच्या जोरावर डावीकडचा हिरव्यात जाऊन बसला होता, त्यामुळे आता तिकडून हिरवंही येईना. तिन्ही सामने हरलो. रेअर हातात असून!

राहिल्या लँड. 40पैकी 17 लँड घेतल्या तर पहिल्या सात कार्डांत सरासरी तीन येतात. कधी एक, कधी सहा, हे खरंच. म्हणूनच चांगल्या फॉरमॅटमध्ये त्यावर उतारे असतात. नको असलेलं कार्ड टाकून नवं घेण्याचं सायकलिंग 1998पासून आहे. जास्तीचा माना ओतून लहान कार्ड मोठं करणारं किकर 2000 साली आलं. 2019पासूनच्या लंडन मलिगनमध्ये हात बदलताना पुन्हा पूर्ण सात कार्डं बघायला मिळतात, मग जितके मलिगन (हात बदलण्याच्या वेळा) तितकी कार्डं गड्डीच्या तळाशी ठेवायची. तरीही काही डाव नशीब नेतंच, आणि नवख्याने मुरलेल्याला हरवण्याची वाट त्यातूनच खुली राहते. पण दोन सायकलिंगची कार्डं हाती असताना सतरावी लँड घ्यायची की सोळावर थांबायचं, हे नशीब ठरवत नाही, तुम्ही ठरवता.