‘दार लावून घेतलं तर वस्ती वाढेल कशी?’ या प्रतिक्रियेला उत्तर

तुमची प्रतिक्रिया तिखट आहे, पण मोघम नाही. म्हणून दोन ओळींत आटोपत नाही.

माइनक्राफ्ट या ब्लॉक रचून खेळायच्या खेळाचे लहान सर्व्हर, म्हणजे अनेकांनी मिळून खेळायची ऑनलाइन जगं, चालवणाऱ्यांना मी चार गोष्टी सुचवल्या होत्या: सुरुवातीला व्हाइटलिस्ट (प्रवेश असलेल्यांची यादी) ठेवा, खेळाची एक ठरलेली वेळ ठेवा, नकाशा लहान ठेवा आणि पैसे घेऊन ताकद विकू नका. तुमच्या मते ही हौशी लोकांची मक्तेदारी झाली, वेगळ्या वेळी खेळणाऱ्यांवर अन्याय झाला आणि अशाने सर्व्हरचं भाडंही निघणार नाही. मित्रांना मॉडरेटर (शिस्त राखणारे) केलं की टोळी बनते, हेही तुम्ही सुनावलंत. त्यापेक्षा भरपूर रॅम घ्या, सर्व्हरच्या याद्यांवर जाहिरात करा, माणसं आपोआप येतील, असा तुमचा सल्ला आहे.

माणसं येतात हो. थांबत नाहीत, आणि माझं सगळं म्हणणं तेवढ्यावरच आहे. लहान सर्व्हर ओस पडतात ते माणसं कमी म्हणून नव्हे, तर आलेली माणसं एकमेकांना भेटतच नाहीत म्हणून.

साधा हिशेब करू. तीस जण आहेत आणि प्रत्येक जण रोज दोन तास खेळतो. ते २४ तासांत विखुरले, तर कुठल्याही क्षणी सरासरी अडीच माणसं हजर असतात. तेच तीस जण संध्याकाळच्या तीन तासांत आले तर सरासरी वीस. एकही नवा खेळाडू न आणता सर्व्हर आठपट गजबजतो. जाहिरात वाचून आलेला नवखा पहिल्यांदा टॅब दाबून हजर खेळाडूंची यादी बघतो. तिथे दोन नावं, त्यातलंही एक जागेवर नुसतं उभं करून ठेवलेलं. तो पाचव्या मिनिटाला निघून जातो, आणि जाहिरातीचे पैसे त्याच्याबरोबर जातात.

वेळ ठरवा म्हणजे बाकी वेळ सर्व्हर बंद ठेवा, असा अर्थ तुम्ही काढलात. सर्व्हर चोवीस तास चालू द्या की. फक्त बाजार, स्पर्धा, मिळून करायची बांधकामं त्या वेळात ठेवा. दुसऱ्या वेळेचे पाच-सहा जण जमले आणि त्यांच्यातलाच एक जण जबाबदारी घ्यायला तयार झाला, की दुसरी वेळ सुरू करा. त्याआधी केली तर दोन्हीकडे शुकशुकाट.

नकाशाचंही तेच. माइनक्राफ्टचं जग मध्यापासून प्रत्येक दिशेला जवळजवळ ३ कोटी ब्लॉक पसरलेलं आहे. एवढ्या जगात वीस माणसं सोडली तर प्रत्येक जण आपापला डोंगर पकडून बसतो. वर्ल्डबॉर्डर, म्हणजे जगाची हद्द, काही हजार ब्लॉकांवर आणलीत की शेजार तयार होतो, रस्त्यावरून भांडणंही होतात, आणि भांडायला तरी माणसं परत येतात. जवळची झाडं नि खनिजं संपतात ही तक्रार खरी आहे. त्यासाठी खाणकामाचं वेगळं जग ठेवायचं आणि ते अधूनमधून पुसून नवं करायचं.

रॅमबद्दल थोडक्यात. सर्व्हरने सेकंदाला २० टिक (खेळाचं जग पुढे नेणारे ठोके) पूर्ण करायचे असतात, म्हणजे एका टिकला ५० मिलिसेकंद. जगाचं बहुतेक काम एकाच थ्रेडवर, म्हणजे एकामागून एक अशा एकाच रांगेत, चालतं, त्यामुळे गरजेपुरती रॅम झाली की पुढचा लॅग (खेळ अडखळणं) प्रोसेसरच्या एका कोअरचा वेग ठरवतो. खेळातले शेकडो गावकरी आणि हॉपरच्या (वस्तू पुढे सरकवणाऱ्या ब्लॉकच्या) रांगा यांचा भार जास्तीच्या रॅमने हलका होत नाही. सिम्युलेशन डिस्टन्स (खेळाडूभोवतीचं किती जग चालतं ठेवायचं ते अंतर) कमी करून बघा, फुकट आहे.

तुम्ही हायपिक्सेल या प्रचंड माइनक्राफ्ट सर्व्हरचं उदाहरण दिलंत. तो २०१३ साली सुरू झाला आणि २०२१ साली त्यावर एकाच वेळी दोन लाखांहून जास्त खेळाडू होते, हे खरंच. पण सुरू होण्याआधीच त्याच्या कर्त्यांचे साहसी नकाशे गाजलेले होते. शिवाय तिथले खेळ काही मिनिटांचे. अनोळखी लोकांबरोबर खेळायचं, डाव संपला की पांगायचं. तिथे गर्दी लागते, ओळख नाही लागत. आपल्यासारख्या सर्व्हायव्हल, म्हणजे साधनं गोळा करून वस्ती उभारायच्या, सर्व्हरला त्याचा कित्ता गिरवता येत नाही.

आता व्हाइटलिस्ट. ती चोर अडवण्यासाठी आहे असं तुम्ही धरून चाललात. चोरांसाठी कोअरप्रोटेक्ट हे प्लगइन (सर्व्हरला जोडायचा जादा प्रोग्रॅम) आहे. कोणी कुठला ब्लॉक फोडला याची नोंद त्यात राहते आणि जळलेलं घर रोलबॅक करून परत उभं करता येतं. पण चॅटमध्ये नवख्याची टर उडवून त्याला पळवून लावलं, तर त्याचा रोलबॅक कुठल्याच प्लगइनमध्ये नाही. पहिला ब्लॉक ठेवण्याआधी माणसाशी चार वाक्यं बोलणं झालेलं असावं, एवढाच माझा आग्रह. परीक्षा नको, लांबलचक फॉर्म तर नकोच. नव्याला हाक मारतील असे जुने लोक पुरेसे झाले, की यादी खुशाल काढून टाका.

मॉडरेटरांबद्दलची तुमची भीती मात्र रास्त आहे. कुंपणच शेत खातं, आणि ते बहुतेक वेळा अ‍ॅडमिनच्या मित्राचं कुंपण असतं. म्हणून मित्र नकोत, आणि ‘मला मॉड करा’ म्हणून मागे लागणारे तर मुळीच नकोत. नवख्यांच्या त्याच त्या प्रश्नांना न वैतागता कोण उत्तरं देतो ते बघत राहा. माणूस तिथे सापडतो. ऑप (सर्व्हरवरचे सगळे अधिकार) कुणालाच देऊ नका. लकपर्म्स या प्लगइनमध्ये हवी तेवढीच परवानगी देता येते: म्यूट (चॅट बंद करणं), किक (बाहेर काढणं), नोंदी बघणं. क्रिएटिव्ह मोड (हवी ती वस्तू आयती देणारा) आणि वस्तू काढून देण्याच्या आज्ञा त्यात येत नाहीत. बॅनचं कारण लेखी हवं, फिर्याद बॅन करणाऱ्याने सोडून दुसऱ्याने ऐकायची, आणि स्वतःच्या भांडणात कुणीही निवाडा करायचा नाही.

हा पेच जुनाच आहे. १९८६ साली लुकासफिल्मच्या ‘हॅबिटॅट’ या ऑनलाइन जगात चोऱ्या आणि खून सुरू झाले, तेव्हा रहिवाशांनी शेरीफ निवडला, आणि मग त्याला अधिकार काय द्यायचे यावरून वाद रंगला! एका खेळाडूने तर शस्त्र न बाळगणाऱ्यांचा चक्क पंथ काढला. यातलं काहीही निर्मात्यांनी आधी योजलेलं नव्हतं.

पैशांचं उत्तर सोपं आहे. माइनक्राफ्ट बनवणाऱ्या मोजांगने २०१४ सालीच नियम स्पष्ट केले: प्रवेश-शुल्क, देणगी, दिखाऊ टोप्या चालतील, खेळात वरचढ करणाऱ्या वस्तू विकणं चालणार नाही. नियम बाजूला ठेवला तरी ज्याने पहिल्याच दिवशी हिऱ्यांचं चिलखत विकत घेतलं, त्याला शेजाऱ्याच्या दुकानात जायचं कारणच उरत नाही. तुमच्या किटच्या (चिलखत-हत्यारांच्या तयार संचांच्या) विक्रीतून भाडं निघत असेल, पण सर्व्हरवरचा बाजार त्यातच मरतो.

तुमच्याकडे रोज साठ-सत्तर लोक येऊन जातात असं तुम्ही लिहिलंय. मग एक करा: गेल्या महिन्याच्या लॉगमधून (सर्व्हरच्या नोंदींमधून) प्रत्येकाची येण्या-जाण्याची वेळ काढा, आणि त्यातले किती जण एका वेळी निदान अर्धा तास सोबत होते ते बघा. आकडा इथेच कळवा, त्यावर पुढे बोलू.