बळी म्हणजे जीव घेणंच?

‘रक्त सांडल्याशिवाय बळी होत नाही, सगळ्या धर्मांत हेच आहे’ असा मजकूर सध्या फिरतोय. तो चुकीचा आहे. संस्कृतात ‘बलि’ म्हणजे अर्पण. राजाला दिलेला करही बलिच. पंचमहायज्ञांतल्या, म्हणजे गृहस्थाने रोज करायच्या पाच यज्ञांतल्या, भूतयज्ञात (प्राणिमात्रांसाठीच्या अर्पणात) जीव घ्यायचा नसतो, उलट मुंग्या-पाखरांसाठी शिजलेल्या अन्नाचे घास जमिनीवर ठेवायचे असतात. केवढा फरक! बायबलच्या लेवीय पुस्तकातला दुसरा अध्याय तर पूर्णपणे पिठाच्या अर्पणाचा: याजक तेलात मळलेल्या पिठातली मूठभर वेदीवर जाळतो.

पशुबळी होते, ते नाकारायचं नाही. पण 1972 साली फ्रेंच विचारवंत रने झिरार यांनी यज्ञबळीमागे हिंसा दाखवली, तो त्यांचा सिद्धान्त होता. शब्दाचा अर्थ म्हणून तो खपवू नये.