खराब डिव्हाइस आणि कर्नलची जबाबदारी

प्रोग्रामर मंडळींच्या ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: हार्डवेअर बिघडलं तर बदला, ते सांभाळणं कर्नलचं (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचं) काम नाही; जादा तपासण्यांनी ड्रायव्हर (डिव्हाइस चालवणारा प्रोग्राम) मंद होतो; बिघाड दिसताच पॅनिक करून (अख्खं मशीन मुद्दाम बंद पाडून) थांबणं सगळ्यात सुरक्षित; आणि क्विर्क (ठरावीक हार्डवेअरच्या दोषांसाठी कर्नलमध्ये लिहिलेले अपवाद) म्हणजे कंपन्यांच्या चुकांची कर्नलमध्ये साठवलेली अडगळ. मी रत्नागिरीत राहून ड्रायव्हर लिहितो. मला यातलं फार थोडं पटतं.

"बिघडलं तर बदला" म्हणायला सोपं आहे, पण बिघडलंय हे आधी कळायला हवं ना! किनाऱ्यावर हार्डवेअर एका झटक्यात मरत नाही. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, तेव्हा बंदरावरच्या खरेदी-शेडमधला कॉम्प्युटरही दोन महिने खाऱ्या दमट हवेत बंद पडून असतो. पितळेच्या भांड्याला येतो तसा कार्डाच्या पट्ट्यांना कळंक येतो. ऑगस्टमध्ये खोडरबराने पट्ट्या घासल्या की कार्ड चालतं, महिनाभर चालतं, आणि एका सकाळी ऐन लिलावात अख्खं मशीन गोठतं. माउस हलत नाही, बाहेर टोपल्यांची रांग.

मी पाहिलेल्या अशाच एका मशीनमध्ये वजनकाट्याच्या कार्डाचा ड्रायव्हर "बिझी बिट शून्य होईपर्यंत वाच" एवढंच करत होता; बिझी बिट म्हणजे कार्ड कामात असल्याची खूण. पीसीआय एक्सप्रेसवरचं (मशीनमधल्या खाचेत बसवलेलं) कार्ड संपर्क तुटून गायब झालं की वाचनात सगळे बिट १ येतात. म्हणजे बिझी बिटही कायमचा १. तो लूप (तेच ते वाचन) संपणार कधी? त्यात लॉक (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप) धरून ठेवलेला, म्हणून प्रोसेसरचे बाकीचे कोअरही एकेक करून अडकले. दुरुस्ती जेमतेम दहा ओळींची: फेऱ्यांना मुदत घातली, सगळे १ आले तर डिव्हाइस गेलं असं समजून एरर परत केली. पुढच्या वेळी कार्ड गेलं तेव्हा स्क्रीनवर "काटा सापडत नाही" आलं, शेडमधल्या मुलाने काट्यावरचा आकडा बघून हाताने टाकला आणि बिलं चालू राहिली. आणि कार्ड बदलायला हवं हेही त्या ओळीमुळेच कळलं.

तपासणीने वेग जातो, हा मुद्दा तर हिशेबातच बसत नाही. डिव्हाइसचं रजिस्टर (त्याच्या आतली छोटी नोंदजागा) वाचायला प्रोसेसरच्या शेकडो सायकल (ठोके) जातात. आलेलं मूल्य तपासायला एखाद-दोन.

पॅनिकबद्दल थोडं मान्य करतो. प्रोसेसरची स्वतःची अवस्थाच बिघडली असेल तर थांबणंच बरं, नाहीतर चुकीचा डेटा डिस्कवर जाईल. पण एका कार्डासाठी सगळं मशीन पाडलं तर मेमरीत असलेली, अजून डिस्कवर न उतरलेली नोंद जाते. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या नेहमीच्या सेटिंगमध्ये ती तीसेक सेकंद तशीच राहू शकते. म्हणून लिनक्स शक्य तिथे दोष वेगळा काढतो. एखाद्या इंटरप्ट लाइनवर (डिव्हाइस जिच्यावरून प्रोसेसरला हाक मारतं ती) एक लाखापैकी ९९,९०० पेक्षा जास्त इंटरप्ट बेवारस (कुठल्याच ड्रायव्हरने न स्वीकारलेले) निघाले, की तेवढी लाइन बंद करतो आणि लॉगमध्ये लिहितो. मेमरीचं एखादं पान (छोटा तुकडा) नासलं तर ते बाजूला काढतो आणि गरज पडली तर ते वापरणारी प्रोसेसच (चालू प्रोग्राम) मारतो.

राहिले क्विर्क. १९९७ साली इंटेलच्या पेंटियम प्रोसेसरमध्ये असा दोष सापडला की साध्या युजरच्या प्रोग्रामातली एक चुकीची सूचना अख्खं मशीन गोठवायची. जगभरचे प्रोसेसर काढून बदलणार कोण? ऑपरेटिंग सिस्टिमांनीच त्यावर तोड काढली. आजही काही एसएसडी "मला रांगेतलं ट्रिम जमतं" असं सांगतात (ट्रिम म्हणजे कुठली जागा आता रिकामी हे डिस्कला कळवणं) आणि प्रत्यक्षात डेटा बिघडवतात. कर्नलमधल्या यादीत त्यांचं मॉडेल आहे. त्यांच्यासाठी तेवढी एक सोय बंद राहते आणि डिस्क नीट चालते. ही यादी मी अडगळ मानत नाही. त्यातली एकेक ओळ कुणाचा तरी डेटा बिघडल्यावर, कुणीतरी चिकाटीने कारण शोधून लिहिलेली आहे.