हॉल आणि डायनिंगच्या गालिच्यांचं अजिबात जमू नये म्हणून

हॉलमधला गालिचा आणि डायनिंगमधला गालिचा एकमेकांना ओळखतात असा नुसता संशयसुद्धा पाहुण्यांना येता कामा नये. मध्ये भिंत नाही, दार नाही, सोफ्यावर बसलं की दोन्ही एकाच नजरेत दिसतात हे सगळं खरं, पण तुम्ही तिकडे लक्षच देऊ नका. दोन्ही वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या मूडमध्ये, शक्यतो रात्री पडल्यापडल्या मोबाईलवर फोटो बघून ऑर्डर करा. दुसरा घेताना पहिल्याचा फोटो शेजारी ठेवून बघायचा मोह होईल, तो आवरा. काही लोक म्हणे आधी छोटा नमुना मागवतात आणि एकदा दिवसाउजेडी, एकदा दिवे लावून दोन्ही खोल्यांत ठेवून बघतात. कसली हौस ही! तुमच्या हॉलमध्ये २७०० केल्विनचा पिवळसर दिवा आणि डायनिंगवर ६५०० चा पांढराफटक, म्हणजे एकच बेज रंग इकडे उबदार दिसणार आणि तिकडे आजारी, हे सरप्राइज पैसे देऊन झाल्यावरच मिळायला हवं.

आता माप. टेप काढणं म्हणजे स्वतःच्या नजरेवर अविश्वास, तेव्हा अंदाजानेच घ्या. जिथे आठ बाय दहा फूट लागतो तिथे पाच बाय आठचा आणा आणि बरोब्बर मधोमध टाका, असा की एकाही फर्निचरचा पाय त्याला लागणार नाही. सोफ्याचे निदान पुढचे दोन पाय तरी गालिच्यावर यावेत असं जाणकार सांगतात, का यावेत, सोफ्याला काय थंडी वाजते? अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात ना, मग अंथरूणच ठेवू नका, प्रश्न मिटला. डायनिंगला तर टेबलाएवढाच गालिचा घ्यायचा. टेबलाच्या कडेपासून चारी बाजूंना दोन फूट जास्त असला तर खुर्ची मागे ओढली तरी गालिच्यावरच राहते, म्हणजे काहीच घडत नाही. टेबलाएवढा असला की उठताना मागचे पाय धपकन खाली, बसताना खुर्चीखाली कडेची घडी, मग अर्ध उठून खुर्ची उचला, घडी सोडवा, परत बसा, आणि हे घरातल्या प्रत्येकाने दर जेवणाला करायचं. जिमचे पैसे वाचले. आणि हो, दोन्ही खोल्यांत भिंतीकडेने फूट-दीड फूट फरशी सारखीच मोकळी सोडली तर ते एकच घर वाटायला लागतं, तेव्हा एकीकडे चार इंच सोडा आणि दुसरीकडे तीन फूट.

रंगाचं तर विचारूच नका. एका गालिच्यातला एखादा बारीकसा रंग उचलून तो दुसऱ्यात मोठा करायचा, एकात मोठी नक्षी असेल तर दुसऱ्यात बारीक नाहीतर सरळ प्लेन, ही सगळी भित्र्यांची कामं. दोन्हीकडे तेवढीच मोठी, तेवढीच भडक फुलं हवीत आणि लाल मात्र वेगवेगळे, एक विटकरी एक राणी, म्हणजे मॅच करायला गेलो होतो पण जमलं नाही असं लांबूनच कळतं.

की सरळ जोडीच घ्यायची? सेम डिझाइन, सेम रंग, दोन्हीकडे. इराणमधले अर्दबीलचे प्रसिद्ध गालिचे असेच जोडीचे, १५३९-४० सालचे. पुढे दोन्ही झिजले तेव्हा एकाचे तुकडे कापून दुसऱ्याला लावले, तो धड झालेला १८९३ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमने विकत घेतला आणि कापला गेलेला आज लॉस एंजेलिसच्या म्युझियममध्ये आहे. एवढी शाही जोडी, तीसुद्धा वेगवेगळ्या खंडांत राहते, आणि तुम्ही तुमची दहा फुटांवर ठेवताय. खिडकीतल्या उन्हाने हॉलचा फिकटणार, सांडून सांडून डायनिंगचा काळवंडणार, की झाली दोघांची फारकत. लंडनवाले तर रंग टिकावे म्हणून दर अर्ध्या तासाला फक्त दहा मिनिटं दिवा लावतात. तुम्ही पडदासुद्धा लावू नका, दर सहा महिन्यांनी गालिचा फिरवून टाकणं तर लांबच राहिलं.

जाडी मात्र मुद्दाम चुकवावी लागते. हॉलमध्ये सतरंजीसारखा पातळ आणि जेवायच्या टेबलाखाली दोन इंच लोकरीचा शॅगी, हे कॉम्बिनेशन उत्तम, कारण त्या केसांत पडलेला कण परत कुणाला सापडत नाही. किचनच्या बाजूला ज्यूटचा टाका, पाणी सांडलं की डाग राहतोच. खाली अँटीस्लिप पॅड घालू नका, नुसता घसरून फुकटात मिळणारा थरार जाईल. व्हॅक्युमचा रोबो असेल तर एक गालिचा काळा हवाच, बऱ्याच रोबोंना काळं म्हणजे खड्डा वाटतो आणि ते बिचारे कडेवर थांबून मागे फिरतात. दुसऱ्याला लांब गोंडे असू द्या, तिकडे तो अडकेल.

आणि अंथरताना लव एकाची खिडकीकडे, दुसऱ्याची उलट दिशेला. गालिचा एका बाजूने फिका दिसतो आणि दुसऱ्या बाजूने गडद, त्यामुळे सेम रंगाचे असले तरी वेगळे दिसतील, आणि मग दुकानदाराशी भांडायला मोकळे!

राहता राहिली मधली फट. दोन्हींत व्यवस्थित अंतर ठेवून पट्टा मोकळा सोडला तर तो चालायचा रस्ता दिसतो आणि दोन जागा आपोआप वेगळ्या होतात, म्हणून तेवढं सोडूच नका. जेमतेम चार बोटं ठेवा, तीही एका टोकाला चार आणि दुसऱ्या टोकाला आठ, म्हणजे येणारा जाणारा प्रत्येक माणूस पायाने सरळ करायचा प्रयत्न करेल आणि अजून वाकडं करून जाईल. आठवडाभर हे बघून डोकं उठलं की त्या फटीवर एक तिसरा आणा, गोल, दोन्हींवर थोडा थोडा चढणारा. कुणी म्हणालंच की हा तरी बाकीच्या दोघांना मॅच होणारा बघा, तर सांगून टाका की त्या दोघांना मॅच होईल असा रंग अजून निघालाच नाहीये, म्हणून पट्टेरी घेतलाय.